वाचक विचारतात: एका चहाला एकच प्रश्न

देव मानणाऱ्याने न मानणाऱ्याशी बोलणे सोडू नये, असे मी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर पत्रे आली, त्यांतली पाच इथे घेतली आहेत. दोघांनी विचारले आहे की या सदरात ख्रिस्ती बाईला कशाला आणले. ते संपादकांना विचारा. मी मूळची आजऱ्याची. कोल्हापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते. जवळच्या मैत्रिणींपैकी बऱ्याच जणी देवळात, चर्चमध्ये कुठेच जात नाहीत. त्यामुळे हा विषय माझ्या ताटात रोजचाच आहे.

कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटले की लोकांना वायल्डर मेमोरियल चर्च आठवते. रेव्हरंड वायल्डर १८५२ मध्ये इथे आले, तेव्हापासूनचे ते अमेरिकन मिशनचे काम, पुढे ते प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. आम्ही कॅथलिक त्या मानाने मूठभर, आणि प्रश्न दोन्हीकडून येतात. नाव छापू नका असे बहुतेकांनी कळवले आहे, म्हणून कोणाचेच छापलेले नाही.

प्रश्न: बाई, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. रात्रपाळी सुटली की आम्ही चार-पाच जण गेटबाहेरच्या गाड्यावर चहाला थांबतो. कॅथलिक मी एकटाच. एक मित्र अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, बाकीचे त्याच्या बाजूचे. रोज सुरू होतं, ‘भावा, गॅलिलिओला का छळलंसा?’ मी तोंड उघडतोय तोवर ‘गोव्यात इन्क्विझिशन कुणी आणलं?’ मग मदर तेरेसांचा चमत्कार. मग ‘२०१९ च्या महापुरात तुझा देव कुठं हुता?’ एकाचंही धड उत्तर देता येत नाही, मग माझा आवाज चढतो. परवा अर्धा चहा टाकून निघून आलो. आदर राखून वाद कसा घालायचा? (एक वाचक, शिये)

उत्तर: वयाने लहान दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. शिक्षिकेची खोड आहे, जात नाही.

आधी गाड्यावर नियम ठरवून घे. एका चहाला एकच प्रश्न. दुसरा निघाला की ‘हा उद्या’ म्हणायचे, आणि उद्या तो आपणहून काढायचा. आपणहून काढलास की तू पळत नाहीस हे त्यांना कळेल.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. हे चार प्रश्न एका जातीचे नाहीत. पहिले दोन इतिहासाचे, तिसरा पुराव्याचा. श्रद्धेचा म्हणावा असा एकटा चौथा, आणि तिथे पोचेपर्यंत तुझा दम संपलेला असतो.

गॅलिलिओचे घे. १६३३ मध्ये धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरवले, म्हणणे मागे घ्यायला लावले आणि मरेपर्यंत घरात नजरकैदेत ठेवले. आपली माणसे लगेच म्हणतात, ‘पण त्याला जाळलं कुठं?’ जाळले नाही, हे खरे. पण हे वाक्य तोंडातून पहिले निघाले की समोरच्याला वाटते, याला त्याचे काहीच वाटत नाही. आधी ‘चूक झाली’ म्हण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये ती जाहीरपणे कबूल केली. खटल्याला साडेतीनशे वर्षे उलटून गेल्यावर कबूल केली, हेही तूच सांगून टाक. मग त्याला ऐकायचे असेल तर पुढचे सांग. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच बजावून ठेवले होते की ग्रहताऱ्यांबद्दल ख्रिस्ती माणसाने बायबलच्या नावाने अडाण्यासारखे बोलू नये. लोक हसतात, आणि पुढे पुनरुत्थानाविषयी सांगायला गेलो तर तेही ऐकत नाहीत. म्हणजे घरातले शहाणपण घरातल्यांनीच ऐकले नाही. यात बचाव नाही, उलट गुन्हा जरा वाढतोच. पण खरे आहे ते असे आहे.

गोवा तर आपल्या घाटाखाली. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे धर्मन्यायालय, तिथे १५६० ते १८१२ चालले, मधली दोन-चार वर्षे वगळून. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली होती, हे तुझ्या मित्राला बहुधा ठाऊक असेल. तुला नसेल, तर गाड्यावर त्याच्या तोंडून कळण्याआधी वाचून घे. आमच्याकडे जुनी माणसे सांगत की आपले पूर्वज गोव्यातून घाट चढून वर आले. का आले, ते कोणी बोलत नसे. मोठेपणी वाचल्यावर अंदाज आला. २००० च्या मार्चमध्ये पोपनी रोममध्ये जाहीर प्रार्थनेत, सत्याच्या नावावर झालेल्या जुलमांबद्दल क्षमा मागितली, तीही सर्वसाधारण शब्दांत. तू इथे एवढेच म्हणायचे, ‘झालं ते वाईट झालं, मी त्याचं समर्थन करत नाही.’ ‘मग अमक्यांनी नाही का केलं?’ हे गावच्या भांडणातले उत्तर आहे. ते गावातच राहू दे.

तिसरा प्रश्न मदर तेरेसांचा. २००३ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तेव्हा बंगालमधल्या एका बाईच्या पोटातली गाठ प्रार्थनेने बरी झाल्याचे मानले गेले. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर म्हणाले, औषधाने बरी झाली. आता तू मला सांग, हा प्रसंग आपण रविवारी म्हणतो त्या श्रद्धेच्या प्रकटीकरणात कुठे आहे? नाही. एखाद्या बरे होण्याबद्दल शंका घेतली म्हणून कोणी कॅथलिक राहत नाही असे होत नाही. उलट शंका घ्यायला खुद्द चर्चने माणूस नेमला होता. संतपदाच्या चौकशीत उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी १५८७ पासून असायचा, लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३ मध्ये ती पद्धत बदलली. मला विचारशील तर बदलायला नको होती. तरी मदर तेरेसांच्या चौकशीत त्यांचे कडवे टीकाकार, नास्तिक पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स यांना साक्षीला बोलावले होतेच. तेव्हा मित्राला म्हण, ‘डॉक्टरांचं बरोबर असेल, मला माहीत नाही.’ एवढे म्हटल्याने तुझे काय गेले? मला विचारशील तर काहीच नाही. जे आपले नाही ते सांभाळत बसण्यात आपली माणसे घामाघूम होतात.

आता महापूर. त्याआधी एक पद्धत सांगते. आपल्याकडे शास्त्रीय वादात आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, तेही त्याला मान्य होईल अशा शब्दांत. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात हेच केले. ‘देव आहे का?’ या प्रश्नावर ते आधी नास्तिकाचे दोन मुद्दे घेतात. अमर्याद चांगुलपणा असलेला देव असता तर जगात वाईट उरलेच नसते, हा पहिला. निसर्ग आणि माणसाची बुद्धी यांनी सगळ्याचा उलगडा होतो, मग देव हवा कशाला, हा दुसरा. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण गाड्यावर तुला विचारतात ते याहून वेगळे नाही. तू तेच कर. मित्राचा मुद्दा त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखव आणि विचार, ‘हेच म्हणायचंय न्हवं तुला?’ तो ‘व्हय’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायचे नाही. आवाज चढणे अर्धे इथेच थांबते. समोरचा काय म्हणतोय हे शोधण्यात डोके गुंतले की ओरडायला सवड राहत नाही.

तर महापुराचा पूर्वपक्ष. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. दावणीला बांधलेली जनावरे बांधलेल्या जागी मेली. देव सर्वशक्तिमान असेल तर थांबवू शकत होता, प्रेमळ असेल तर थांबवायला हवे होते, आणि थांबवले तर नाहीच. मुद्दा भक्कम आहे. पूररेषेतली बांधकामे, धरणातून पाणी कधी सोडले, हे सगळे खरे असले तरी त्याच्या आड लपू नकोस. तो लगेच विचारेल, ‘मग किल्लारीचा भूकंप कुणी बांधला होता?’ आणि त्याचे बरोबर असेल.

बायबलमध्ये ईयोबाचे पुस्तक आहे, ते काढून शेवटचा अध्याय वाच. ईयोबावर संकटे येतात. तिघे मित्र येऊन समजावतात, देव न्यायी आहे, तुझेच काहीतरी चुकले असणार. ईयोब ऐकत नाही, देवालाच जाब विचारतो. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? त्याची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला, असे तो त्यांना सुनावतो. माझ्या मते गाड्यावर बसलेल्या प्रत्येक कॅथलिकाने हे लक्षात ठेवावे. देवाची वकिली करायला निघालेल्यांना देवाने झापल्याचा पुरावा आपल्याच पुस्तकात आहे.

म्हणून ‘देव कुठं हुता?’ याला ‘ठाऊक नाही’ हे पहिले उत्तर. दुसरे तुझे स्वतःचे. आम्ही ज्याला देव मानतो तो क्रुसावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हणून ओरडला, तोही हाच प्रश्न. म्हणून मला हा प्रश्न परका वाटत नाही. हा पुरावा नव्हे, आणि पुरावा म्हणून टेबलावर ठेवू नकोस. मी का मानतो, एवढेच त्यात आहे. तुझा मित्र बहुधा मान हलवून म्हणेल, ‘मला नाही पटत.’ नाही पटले तर नाही पटले, दुसरा चहा सांग.

प्रश्न: आमच्या कॉलेजात एका व्याख्यात्यांनी मरीयामातेच्या मूर्तीतून अश्रू येतात वगैरे सगळे थोतांड असल्याचे सांगितले. आमच्या युवक गटातली काही मुले खवळली आहेत. पोलिसांत तक्रार द्यायची, भावना दुखावल्या म्हणून, असे चालले आहे. सही करू का? (एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

उत्तर: करू नका. आणि बाकीच्यांनाही करू देऊ नका.

२०१२ मध्ये मुंबईत एका चर्चच्या बाहेरच्या क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक जमले, पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागले. सनल एडमरुकू या विवेकवादी कार्यकर्त्याने जाऊन पाहिले आणि सांगितले की जवळ सांडपाण्याची वाट तुंबली आहे, ते पाणी केशाकर्षणाने वर चढून मूर्तीतून पाझरते आहे. केशाकर्षण मी जन्मभर शिकवले. बारीक काचेची नळी रंगीत पाण्यात धरायची, पाणी आपोआप वर चढते, नळी जितकी बारीक तितके उंच. भिंतीत, लाकडात, दगडात अशा नळ्या लाखो असतात. पावसाळ्यात आपल्या भिंतींना खालून वर ओल चढते, तीही अशीच. तेव्हा त्या माणसाने सांगितले ते प्रयोगशाळेत कोणत्याही पोराने सांगावे इतके साधे होते. आपल्यातल्या काही संघटनांनी काय केले? धार्मिक भावना दुखावल्याच्या, तेव्हाच्या दंड संहितेतल्या कलम २९५अ खालच्या तक्रारी केल्या. तो माणूस देश सोडून फिनलंडला गेला. लोक गटाराचे पाणी तीर्थ म्हणून नेत होते, त्याने खरे तर त्यांचे पोट वाचवले. त्या तक्रारी करणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

तुमच्या गटातल्या मुलांना आणखी एक सांगा. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांबाबत नवे नियम काढले. त्यांनुसार एरवी चर्च कुठलीही घटना ‘अलौकिक आहे’ असे जाहीरच करणार नाही. फार तर ‘इथे प्रार्थना करायला हरकत नाही’ एवढे म्हणेल. आणि अश्रू ढाळणाऱ्या मूर्ती, खासगी दर्शने यांवर विश्वास ठेवणे कॅथलिकांना कधीच सक्तीचे नव्हते. म्हणजे व्याख्याते ज्याला थोतांड म्हणाले त्यातले बरेचसे बिशपही तपासाशिवाय खरे धरणार नाहीत. मग दुखावले ते नक्की काय?

दुसरे या भागाबद्दल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नीवर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे गेले. ज्या जिल्ह्यात न मानणाऱ्याला जिवाची किंमत मोजावी लागली, तिथे मानणाऱ्याने ‘माझ्या भावना’ हा शब्द वापरण्याआधी दहादा विचार करावा. ही माझी राय, चर्चची अधिकृत भूमिका म्हणून छापू नका.

दाभोलकर म्हणत की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे. त्यांच्या खुनानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा प्रार्थनेला हात लावत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्याला लावतो, मग तो बुवा असो, बाबा असो की स्टेजवरून कॅन्सर पळवून लावणारा चंगाईवाला. मला त्या कायद्याने बरेच वाटले.

तुम्हाला काही करायचेच असेल तर त्या व्याख्यात्यांना चर्चच्या सभागृहात बोलवा. प्रश्नोत्तरांसाठी एक तास ठेवा, आणि पहिला प्रश्न युवक गटातल्या सगळ्यात जास्त खवळलेल्या मुलाला विचारू द्या. मात्र प्रश्न लिहून आणायचा.

प्रश्न: मी नास्तिक आहे. ऑफिसात माझ्या शेजारी एक कॅथलिक गृहस्थ बसतात, स्वभावाने सोन्यासारखे. मिस्सातली भाकर ख्रिस्ताचे शरीर होते असे ते म्हणाले. मी म्हटले, ‘चला, लॅबमध्ये तपासून घेऊ.’ ते दोन दिवस बोलले नाहीत. मी काय चुकीचे बोललो? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: तुमचे रसायनशास्त्र बरोबर आहे. ती भाकर म्हणजे निव्वळ गव्हाचे पीठ आणि पाणी, खमीर नाही, मीठ नाही, तापलेल्या साच्यात दाबून भाजलेली पातळ चकती. तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर काळी-निळी होईल, कारण स्टार्च. मिस्साच्या आधी होईल तशीच नंतरही होईल. तुमच्या सहकाऱ्यांना हे ऐकून धक्का बसला असेल तर त्यांनी ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, १५५१ मध्ये काय म्हटले ते वाचावे. भाकरीचे दिसणे, चव, वास, म्हणजे इंद्रियांना आणि उपकरणांना कळणारे सगळे, जसेच्या तसे राहते. बदलते ते आतले, जे उपकरणाच्या आवाक्यात नाही. तुम्ही म्हणाल, जे कशानेच तपासता येत नाही ते मी का मानू? मानू नका. पण लॅबचा निकाल ‘गहू’ असा आला तर त्याने चर्चचे म्हणणे खोडले जात नाही, कारण चर्चने तोच निकाल आधीच सांगितला आहे. तुमच्या सहकाऱ्यांनी रुसण्याऐवजी हसून एवढे सांगायला हवे होते.

तरी एक मागते. प्रयोग करायचाच तर अभिषेक न झालेली, म्हणजे मिस्सात अजून पवित्र न केलेली चकती घ्या. फादरांना सांगितले तर डब्यातली एखादी देतील. अभिषेक झालेली मागू नका. तुमच्यासाठी दोन्ही पीठच आहे, तेव्हा तुमचे काही बिघडत नाही, त्यांचे मात्र बिघडते.

आणि तपासण्याने सगळे संपते असेही नाही. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वाराकडून गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तिथे उपकरणे घेऊन उभे असतात. किरणांची तीव्रता मोजतात, धूळ, बाष्प, मध्ये येणाऱ्या इमारती नोंदवतात. त्यांच्या शेजारीच लोक हात जोडून उभे असतात. एकाने दुसऱ्याला हाकलल्याचे मी ऐकलेले नाही. मी ख्रिस्ती, माझी पूजा वेगळी, पण ही गर्दी मला शहाणी वाटते.

तुम्हाला आमच्यावर नेमका कुठे वार करायचा तेही सांगते, कारण बहुतेक नास्तिक भलत्याच जागी करतात. संत पौल करिंथकरांना लिहितात की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. पत्र पहिल्या शतकाच्या पन्नाशीतले, येशूच्या मृत्यूनंतर पाव शतकाच्या आसपासचे. म्हणजे आमचा धर्म एका घडलेल्या किंवा न घडलेल्या गोष्टीवर उभा आहे, आणि हे आमच्याच माणसाने कबूल केले आहे. येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि त्याला क्रुसावर मारले, हे बहुतेक सगळे इतिहासकार, नास्तिकही, मानतात. शिष्यांना तो पुन्हा भेटल्याची खात्री वाटत होती, हेही पुष्कळ जण मानतात. त्यापुढे इतिहासाची साधने थांबतात. तिथून मी पुढे पाऊल टाकते, तुम्ही टाकत नाही. सहकाऱ्यांना हे विचारा: ‘तुम्ही ते पाऊल का टाकता?’ गव्हाच्या चकतीपेक्षा हा प्रश्न अवघड आहे. पण यावर ते रुसतील असे मला वाटत नाही. कदाचित कोणी कधी विचारलाच नसेल.

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगला गेल्यापासून मिस्साला येत नाही. ‘आई, मला पटत नाही,’ म्हणतो. हे रागावतात. मी रोज व्हॉट्सॲपवर प्रवचने पाठवते, तो बघतही नाही. काय करू? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर: ताई, प्रवचने आजपासून बंद. निळ्या टिका मोजत बसण्याने तुमचा जीव जातोय आणि त्याचा विश्वास परत येत नाही.

‘पटत नाही’ म्हणणारा मुलगा निदान खरे बोलतोय. त्याच्या वडिलांना सांगा की सक्तीचा विश्वास आपल्या चर्चलाही नको आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ ला धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ते स्पष्ट लिहिले आहे. त्याच दिवशी मंजूर झालेल्या दुसऱ्या एका दस्तऐवजात याहून झोंबणारे आहे. माणसे नास्तिक होतात त्यात श्रद्धाळूंचाही थोडाथोडका हात नसतो, असे बिशपांनीच लिहून ठेवले आहे. अर्धवट धर्मशिक्षण आणि वागण्यातली खोट ही कारणे त्यांनीच दिली आहेत. हे वाचून कोणाकडे बोट दाखवायचे ते मी सांगत नाही.

त्याला एकदा निवांत विचारा, नक्की काय पटत नाही? देव, की फादर, की आपले घर? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असतात. उत्तर ऐकताना मध्ये बोलायचे नाही, हे तुम्हाला जड जाईल. रविवारी मिस्सावरून आलात की त्याच्यासाठीही रस्सा ठेवा, आणि तो वाढताना ‘आला असतास तर’ हे वाक्य गिळून टाका.

प्रश्न: ‘नासाच्या संगणकाला हरवलेला दिवस सापडला, बायबलमधल्या यहोशवाने सूर्य थांबवला होता हे सिद्ध झाले’ असा मेसेज आला आहे. माझा एक विज्ञानवादी मित्र आहे, त्याला पाठवू का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: नको हो. ही कथा १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून फिरते आहे आणि नासाने असे काहीही शोधलेले नाही. असा संगणक चालतच नाही. हरवलेला दिवस शोधायला आधी तो कधी हरवला हे कळेल अशी त्याच्या आधीची स्वतंत्र नोंद हवी, ती कुठून आणणार?

विज्ञानवादी मित्राला काही पाठवायचेच असेल तर जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट पाठवा. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि पदार्थवैज्ञानिक. विश्व प्रसरण पावते आहे असे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडले, आणि १९३१ मध्ये सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी असे सुचवले. आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो त्याचे हे मूळ. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात, या शोधाने निर्मितीची साक्षच मिळाली, अशा अर्थाचे म्हटले. दुसरा कोणी असता तर फुशारला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो चुकीचाही ठरू शकतो, त्यावर श्रद्धा टेकवू नका, अशी त्यांची भूमिका होती. पोपनी पुढे तसे बोलणे टाळले.

तुमच्या मित्राला ही गोष्ट आवडेल. आणि ज्यांनी तुम्हाला नासाचा मेसेज पाठवला त्यांनाही तो खोटा असल्याचे कळवा, पण खासगीत. ग्रुपवर नको, तिथे त्यांचे व्याही आहेत असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.